आईचा थोरला हात दुखतोय

खैरण्याची_लेक
८ जून २०२५, रात्री १०:४२

आमच्या घरात हातांना नावं आहेत. उजवा थोरला, डावा धाकटा. ही नावं आईनेच ठेवली. तिचा डावा हात कोपराच्या खाली जेमतेम चार बोटांइतका उरलाय.

साल १९७९, आई आठ वर्षांची, गाव पाटण तालुक्यातलं. कडबा कुट्टीचं हाताने फिरवायचं यंत्र होतं. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने वैरण सरकवायची. वैरण आई सरकवत होती, चाकावर मामा होता. तो तेव्हा अकरा वर्षांचा. आजोबा मस्जिद बंदरला माथाडी कामगार. त्यांना तार गेली, ते दुसऱ्या रात्री पोचले. याहून जास्त मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मामासमोर मी विचारतही नाही.

पुढे तिथलं घाऊक मार्केट तुर्भ्याला आलं तसं आजोबांनी कोपरखैरण्याला घर घेतलं. आईचं लग्न १९९४ला झालं. कासार चुडा भरायला आला तेव्हा उजव्या हातात भरून झाल्यावर तो थांबला. आजीने दुसऱ्या हाताच्या हिरव्या बांगड्या आईच्या ओच्यात घातल्या. त्या बांगड्या अजून डब्यात आहेत. मी १९९७ची. मी चार वर्षांची असताना आईबाबा वेगळे झाले. बाबांबद्दल मी इथे लिहिणार नाही, आईलाही ते आवडणार नाही. एवढंच सांगते की पाहुणे आले की मला आईच्या मांडीवरून उचलून घेतलं जायचं. "पडेल पोर" म्हणून. आईच्या हातून मी एकदाही पडलेली नाही.

माझा ताबा कुणाकडे यावरून कोर्टात गोष्ट आली तेव्हा समोरच्या वकिलांनी आईला विचारलं, "मुलीची वेणी कशी घालता?" आई म्हणाली, "घालत नाही. बॉबकट ठेवलाय." दहाव्या वर्षापर्यंत माझे केस कानापर्यंत होते आणि मी त्यासाठी रडायचे. केस तसे का ठेवले होते ते मला खूप उशिरा कळलं.

आईला अपंगांच्या कोट्यातून एसटीडी बूथ मिळाला होता. पिवळा बोर्ड, आत काचेची खोली, बाहेर रविवारी रात्री गावाकडे फोन लावणाऱ्यांची रांग. मोबाइल आले, रांग आटली. मग झेरॉक्स, वह्या, रिचार्ज, आता ऑनलाइन फॉर्म भरून देणं. दुकान तेच. शटरही तेच.

आता मूळ मुद्दा. गेलं वर्षभर आईचा उजवा खांदा दुखतोय. हात डोक्यापर्यंत जात नाही, रात्री अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊन ती उठून बसते. एमआरआयमध्ये खांद्याचा स्नायूबंध, ज्याला रोटेटर कफ म्हणतात, तो फाटलेला निघाला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, नंतर साधारण सहा आठवडे हात झोळीत. आईने शांतपणे विचारलं, "आणि जेवू कशानं?" डॉक्टरांनी वर पाहिलं. तोवर त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

लहानपणापासून ऐकतेय, "काय हिंमतीची बाई, एका हाताने सगळं करते." मीही शाळेत निबंधात तेच लिहिलंय. त्या एका हाताचं काय होतंय हे आम्ही कुणीच पाहिलं नाही. मी हिशोब केला. सकाळी शटर वर, दुपारी खाली, चारला वर, रात्री खाली. दिवसाला चार वेळा, चोवीस वर्षं.

एक हात नसताना दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय असं कुणी माहितीत आहे का? ते सहा आठवडे कसे काढले? धाकट्याला काही बसवता येईल का? आईने लहानपणानंतर कृत्रिम हात वापरलेला नाही.

---

नेरुळचा_वारा
८ जून, रात्री ११:१५

माउलीला दंडवत. वाचून डोळे भरून आले. अशा आया आहेत म्हणून जग चाललंय.

---

कोपरी_पूर्व
९ जून, सकाळी ७:०५

मी पायाची. उजवा पाय गुडघ्याखाली नाही, बाराव्या वर्षी एसटीखाली गेला. आता सेहेचाळीस. घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली, मुलगा बारावीला आहे. तुझा धागा दोनदा वाचला.

हाताचं मला कळत नाही, पण चांगल्या अवयवाचं कळतं. माझा डावा गुडघा पाचेक वर्षांपूर्वी गेला. मला वाटायचं की कृत्रिम पाय लावून मी इतरांसारखी चालते, म्हणजे जिंकले. ठाणे स्टेशनचे जिने, स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून बसपर्यंतची चाल, पावसात ओल्या फरशा, सगळा भार डाव्यावर. पावसाळ्यात सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या साच्यात, घाम साचतो, कातडी सोलते, मग आपण नकळत त्या पायावर कमी वजन टाकतो. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की ही चालते.

मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात वजन वाढलं, सूज आली आणि सॉकेट चढेना. शेवटचे दोन महिने कुबड्यांवर काढले. सासूबाई म्हणाल्या, आधी सांगायला हवं होतं. काय सांगायला हवं होतं ते मला आजही माहीत नाही. पाय तर त्यांना लग्नाआधीच दिसला होता.

"माउलीला दंडवत" लिहिणाऱ्यांवर राग नाही. पण आम्हाला कौतुक ऐकून ऐकून एक सवय लागते, दुखतंय हे न सांगायची. तुझ्या आईने वर्षभर दुखणं काढलं ते त्यामुळेच असेल. तिला आधी विचार, मुंग्या वर्षभरच आहेत की त्याआधीपासून.

---

खैरण्याची_लेक
९ जून, रात्री ९:५०

@कोपरी_पूर्व, ताई, विचारलं. चार वर्षांपासून आहेत. म्हणाली, "तुझ्या परीक्षा होत्या."

---

साचा_आणि_पट्टा
१० जून, रात्री १२:२०

मी कृत्रिम अवयव बनवतो, ऐरोलीला राहतो. लांब लिहितोय, पण प्रश्नच तसा आहे.

आधी खांद्याबद्दल. एक हात नसलेल्या माणसांत दुसऱ्या हाताचा खांदा आणि मनगट लवकर झिजणं नेहमीचं आहे. रात्रीच्या मुंग्या बहुधा मनगटातल्या नसेवरच्या दाबाच्या, कार्पल टनेलच्या. खांदा आणि मनगट, दोन्हीचं काय आधी करायचं हे सर्जननेच ठरवायचं. पण दोन्ही प्रश्न एकदमच त्यांच्यापुढे मांडा. तुम्ही खांद्यासाठी गेलात तर मनगटाचं कुणी विचारणार नाही.

झोळीबद्दल एक गोष्ट विचारून घ्या. रोटेटर कफ शिवल्यावर खांदा हलवायचा नसतो, पंजा मात्र सहसा मोकळा असतो. हात पोटाजवळ ठेवून कप धरणं, मोबाइलवर बोट फिरवणं बऱ्याच जणांना चालतं. किती चालेल ते सर्जनने लेखी द्यावं. आईंची परिस्थिती वेगळी आहे, छापील सूचनांचा कागद त्यांना पुरणार नाही.

आता धाकटा. (नाव फार आवडलं.) लहानपणी हात का सोडला असेल त्याचा अंदाज आहे. मुलं वाढतात, साचा वर्षा-दीड वर्षात लहान होतो, नवा कुणी करून देत नाही. शिवाय वाढत्या वयात हाड मधूनच कापलं गेलं असेल तर ते टोकाला कातडीच्या पुढे वाढत राहतं, टोचायला लागतं, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. सांध्यातून कापलं तर हे होत नाही, पण अपघात काही विचारून होत नाही.

पंचेचाळीस वर्षांनी पूर्ण हात बसवायचा आग्रह मी धरणार नाही. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा हात लाखांत जातो, जड असतो आणि सवय व्हायला महिने लागतात. रोटरी क्लब मोफत शिबिरांत एलएन-४ नावाचा साधा हात देतात, पण त्याला कोपराखाली पुरेशी लांबी लागते. चार बोटं म्हणजे बसेल असं वाटत नाही. केबल आणि खांद्यावरच्या पट्ट्याने चालणारा हूक भक्कम असतो, पण केबल ओढायला पट्टा विरुद्ध बाजूच्या काखेतून जातो. म्हणजे दुखरा खांदा पुन्हा कामाला लागला. म्हणून आत्ता तो नको.

माझ्या मते सध्या एवढंच करा. उरलेल्या हातावर बसेल असा मऊ चामड्याचा किंवा प्लास्टिकचा कफ, त्यावर एक खाच. त्या खाचेत चमचा, टूथब्रश, कंगवा, पेन अडकवता येतं. बनवायला सोपा, वजन नगण्य. कोपर हलतंय, म्हणजे तोंडापर्यंत चमचा जाईल. पण हे ऑपरेशनच्या आधी दोन महिने सुरू करा. इतकी वर्षं नुसता दाबायला वापरलेला हात एका दिवसात जेवू घालणार नाही. रोज एक जेवण धाकट्याने, बस.

संडासात जेट स्प्रे डाव्या बाजूला आणि पायाने किंवा कोपराने दाबता येईल असा हवा. हे लिहायला संकोच वाटू देऊ नका. रुग्ण याच गोष्टीला घाबरून ऑपरेशन पुढे ढकलतात आणि बोलत नाहीत.

हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे डॉक्टर, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं करायला शिकवणारी) आणि अवयवांची कार्यशाळा एकाच ठिकाणी मिळते. सकाळी लवकर जा. जुनं कागदी प्रमाणपत्र असेल तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं ओळखपत्र) अर्ज करून ठेवा. या लांबीला बहुतेक ७० टक्के अपंगत्व लिहिलेलं असेल.

---

सह्याद्रीचा_पांथस्थ
१० जून, सकाळी ९:३०

सुंदर माहिती. ताई, आईंना सांगा की खचू नका. सुधा चंद्रन यांचं उदाहरण समोर ठेवा. १९८१ला पाय गेला, जयपूर फूट लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या. आपल्या मुंबईच्या मानसी जोशी २०११च्या अपघातानंतर २०१९ला पॅरा बॅडमिंटनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. इच्छाशक्ती असेल तर अशक्य काही नाही.

---

कोपरी_पूर्व
१० जून, दुपारी १:१०

@पांथस्थ, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य. दोघींबद्दल मलाही खूप आदर आहे. पण हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यापासून मला सुधा चंद्रन ऐकवल्या गेल्या. बारा वर्षांची होते. मला नाचायचं नव्हतं, शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांबरोबर खाली सतरंजीवर बसायचं होतं आणि ते जमत नव्हतं. इथे लेकीने आईला हिंमत कशी द्यायची असं विचारलेलंच नाही. जेवू कशी घालू, असं विचारलंय.

---

सह्याद्रीचा_पांथस्थ
१० जून, दुपारी ४:४५

पटलं. असा विचार केला नव्हता. माझे दोन शब्द मागे.

---

पट्टी_आणि_पाइप
१० जून, रात्री १०:३०

रबाळे एमआयडीसीत शटर बनवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. माझं क्षेत्र तेवढंच, म्हणून तेवढंच लिहितो.

शटरचं वजन हाताने उचलायचं नसतंच. वरच्या पाइपात स्प्रिंग असतात, त्या वजन पेलतात. वीस-पंचवीस वर्षांत स्प्रिंग ढिल्या होतात, पट्ट्यांच्या कडा गंजतात, बाजूच्या गाइडमध्ये धूळ बसते. दर वर्षी शटर थोडं थोडं जड होत जातं आणि रोज उचलणाऱ्याला ते कळत नाही. त्याला वाटतं आपलं वय झालं. ताई, मला खात्री आहे की तुमच्या आई गेली काही वर्षं शटरचं अर्धं वजन खांद्यावर उचलतायत.

उपाय दोन. स्प्रिंगचा ताण पुन्हा भरून, गाइड साफ करून ग्रीस लावायचं. नाहीतर मोटर बसवायची, बटण दाबायचं. वीज गेली तर हातसाखळी असते, ती खाली ओढायची असते. त्यात अंगाचं वजन वापरता येतं, खांदा वर न्यावा लागत नाही. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी येऊन बघून जातो.

---

चार_भिंती_दिवा
११ जून, सकाळी ११:२०

धागाकर्तीची क्षमा मागून थोडं अवांतर. माझ्या धाकट्या बहिणीचं असंच चाललंय. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या डाव्या हाताला बोटं नाहीत. नवरा घटस्फोट मागतोय आणि तीन वर्षांच्या मुलाचा ताबाही. म्हणतो, ती मुलाला सांभाळू शकत नाही. वकिलाची फी परवडत नाही. कुणी सांगू शकेल का?

---

काळा_कोट
११ जून, रात्री ११:००

@चार_भिंती_दिवा, अवांतर मुळीच नाही.

फीची काळजी आधी सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२प्रमाणे महिलांना आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुमची बहीण दोन्हींत बसते. ठाण्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज करायचा.

ताबा. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६, कलम ६. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. हात नाही हे मूल काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही. दिव्यांगांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ला मान्य केला. त्याच्या कलम २३मध्ये स्पष्ट आहे की मूल किंवा आईवडील यांच्या अपंगत्वावरून मुलाला आईवडिलांपासून तोडता येणार नाही. वकिलांना हे लेखी म्हणण्यात घालायला सांगा, तोंडी नको. आणि बहिणीला सांगा, मुलाचं रोजचं ती काय काय करते त्याची नोंद ठेव. लसीकरणाचं कार्ड, बालवाडीच्या डायरीवरच्या सह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. कोर्टात माया दाखवता येत नाही, कागद दाखवता येतात.

पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लांबवू नका.

संमतीने घ्या, लवकर सुटाल, असा दबाव येईल. संमतीला हरकत नाही. पण ताबा आणि पोटगी लिहून झाल्याशिवाय सही नाही.

धागाकर्ती, तुझ्या आईच्या "बॉबकट ठेवलाय" या उत्तराला एका वकिलाचा मनापासून नमस्कार. खोटं नाही, एक शब्द जास्त नाही.

---

दत्तमंदिर_मागे
१४ जून, रात्री ८:१५

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी लिफ्टच्या जाळीत उजवा हात गेला, मनगटापासून. मी रोज हा धागा उघडते आणि लिहायचं धाडस होत नाही. तुमच्या आईंना विचाराल का, त्यांच्या आईने काय केलं होतं?

---

खैरण्याची_लेक
१५ जून, रात्री १०:०५

@दत्तमंदिर_मागे, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली लिही. जशी बोलली तसं टाइप केलंय.

"बाई, तुमी आदी जेवत जावा. माझी आय म्हैनाभर जेवली न्हवती, ते मला अजून आठवतंय.

पोराला सगळं हातात देऊ नका. पर सगळं त्याच्यावर सोडू बी नका. आयनं मला दुसऱ्या म्हैन्यात विळीवर बसवलं. समदी वरडली तिला. पर विळी पायाखाली दाबली की पातं जागचं हालत न्हाय, एका हातानं भाजी चिरती. सुरीला दोन हात लागत्यात. भाकरी बी एका तळव्यावर निघती. चपाती जमायला मला दोन वर्सं लागली, लाटण्याचं एक टोक धाकट्यानं दाबायचं. तुमच्या पोराला डावं अक्षर गिरवू दे, वाकडं आलं तर येऊ दे.

शाळेत मला थोटी म्हणायची. मी हाणायची. मास्तर मलाच उभं करायचं. तुमी शाळेत जाऊन बोला, पोराला एकट्याला भांडाय लावू नका.

हात नसलेली जागा दुखती म्हणाला तर खोटं हाय म्हणू नका. मला अजून थंडीत नसलेल्या करंगळीला कळ येती.

ज्यांच्या हातून झालं त्यांना घरात बोल लावू नका. माझा भाऊ चाळीस वर्सं माझ्या डोळ्याला डोळा देत न्हवता.

आन् ऱ्हायलेल्या हाताला जपा. सगळी वज्जी त्याच्यावर नको."

---

दत्तमंदिर_मागे
१५ जून, रात्री ११:४०

आज जेवले. आईंना सांगा.

---

साचा_आणि_पट्टा
१६ जून, सकाळी ८:००

@दत्तमंदिर_मागे, मुलाच्या बाबतीत मला व्यनि करा. मनगटाच्या सांध्यातून गेला असेल तर वाढीच्या दृष्टीने तुलनेने बरं असतं. नसलेल्या हातातल्या दुखण्यावर आरशासमोर बसून करायचे व्यायाम आहेत, काहींना चांगला गुण येतो. सहाव्या वर्षी ते खेळ म्हणूनच घेतात.

---

खैरण्याची_लेक
२४ ऑगस्ट, रात्री ९:२०

बरेच दिवस लिहिलं नाही. सगळ्यांनी व्यनि करून विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

हाजी अलीला तीन चकरा झाल्या. चमचा अडकवायचा कफ मिळाला. पहिल्या आठवड्यात आमटी पदरावर, भात मांडीवर. आई चिडून चमचा काढून फेकायची आणि मग स्वतःच उचलून आणायची. जुलैच्या मध्यावर तिने पहिल्यांदा वरणभाताची वाटी धाकट्याने संपवली. मी फोटो काढायला गेले तर म्हणाली, "जेवणाऱ्याचा फोटो काढतात का?" नाही काढला.

शटरवाले दादा आले. एका बाजूची स्प्रिंग तुटलेलीच होती. कधीपासून, कुणास ठाऊक. आईने मोटरीला नको म्हटलं, पैसे कशाला घालवायचे म्हणून. तेव्हा मामा तिथे होता. तो कधी आईसमोर फार बोलत नाही. म्हणाला, "मी घालतो पैसे. तू एवढं नको म्हणू नको." पूर्वी बूथ सुरू झाला तेव्हा तो रोज मार्केटला जाण्याआधी शटर उघडायला येतो म्हणाला होता, तेव्हा आईने नको म्हटलं होतं. या वेळी ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मोटर बसली.

ऑपरेशन १५ सप्टेंबरला. सर्जनने दोन पानं हाताने लिहून दिली आहेत, काय चालेल, काय नाही. मनगटाचं नंतर बघू म्हणाले. मी तीन आठवडे घरून काम करणार आहे, नंतरचे तीन मामी येईल. दुकानात सकाळी मामा बसेल. त्याला झेरॉक्स जमतं, ऑनलाइन फॉर्म जमत नाहीत, ते मी रात्री भरेन.

@कोपरी_पूर्व ताई, तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी आता "बरं आहे ना?" असं विचारत नाही. "कुठे दुखतंय?" असं विचारते. पहिले काही दिवस उत्तर मिळालं नाही. आता मिळतं.

एक शेवटचं विचारायचंय. झोळीवर घालायला ब्लाउज कसा शिवायचा? पुढून पूर्ण उघडणारा आणि उजव्या खांद्यावरही उघडणारा हवा. हुकांऐवजी वेल्क्रो लावून एक शिवून घेतला, पण घामाने मानेला टोचतोय. टिचबटणं धाकट्याने दाबून बसतील का? कोपरखैरणे किंवा वाशीत असं शिवून देणारं कुणी माहीत असेल तर कळवा. आईला गाऊनमध्ये दुकानाच्या दारात बसायचं नाहीये.